सरकारने हात काढून घेतला की स्पर्धा आपोआप येते?

सतत फिरणारा दावा असा: मक्तेदारी सरकारच जन्माला घालतं, सरकार बाजूला झालं की स्पर्धा आपोआप येते, भाव उतरतात आणि नालायक कंपन्या बुडतात.

'मक्तेदारी सरकारच जन्माला घालतं.' कधी कधी घालतंच. परवाने, आयातबंदी, मर्जीतल्यांना कंत्राटं, यावर वाद नाही. पण अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीच्या मागे कोणताही सरकारी परवाना नव्हता. 1880च्या सुमारास तिथलं जवळपास 90 टक्के तेलशुद्धीकरण तिच्या हातात होतं. कारभार चोख होता हे मान्य. पण रेल्वे कंपन्या तिला भाड्यात गुपचूप सवलतही देत होत्या. त्याच रुळांवरून माल न्यायला प्रतिस्पर्ध्याला जास्त पैसे पडायचे. यावर ठरलेलं उत्तर येतं: 1911 मध्ये कोर्टाने तिचे 34 तुकडे करायला सांगितले तेव्हा तिचा वाटा आधीच 64 टक्क्यांवर घसरला होता. खरं आहे. फक्त त्यात तीस वर्षं गेली, शिवाय 1901 पासून टेक्सासात नवं तेल निघालं. जमिनीतून प्रतिस्पर्धी दर वेळी उगवत नाही.

'भाव उतरतात.' इथे दाव्याची बाजू भक्कम आहे. 1978च्या कायद्याने अमेरिकेत विमानभाडी ठरवणं सरकारने सोडायला सुरुवात केली आणि महागाई वजा जाता भाडी उतरली. शहाणपणाचाच निर्णय. पुढे मात्र विलीनीकरणांची रांग लागली आणि देशांतर्गत बाजाराचा सुमारे 80 टक्के भाग चार कंपन्यांकडे गेला. विलीनीकरण अडवायला सरकारच लागतं, हे दावा करणारे सांगत नाहीत.

आणि 'आपोआप' म्हणाल, तर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलायची सोय घ्या. हातातला ग्राहक सोडायला कोणती कंपनी आपणहून तयार होईल? देशोदेशी ती नियामकांनीच सक्तीने आणली. हाही हस्तक्षेपच की!

'नालायक कंपन्या बुडतात.' लहान असतील तर. 15 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेला सरकारने बुडू दिलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने एआयजी या विमा कंपनीसाठी 85 अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं, कारण ती बुडाली असती तर मोठमोठ्या बँकाही अडचणीत आल्या असत्या. आपल्याला बुडू देणार नाहीत, हे कळलं की बड्या कंपनीला कर्ज स्वस्तात मिळतं. लहानीला ते त्या दराने कुणी देत नाही.