फळ्या भिजवून म्हणे टाईल्स बसवा!

परवा रात्री शहापुरातल्या आक्काचा फोन. "गवंडी सोमवारी येतोय. फळ्यांवर आजपासनंच पाणी मारू काय?"

कसलं पाणी, विचारलं तर तिने तो मेसेज पाठवला. याआधी तिघांनी मला पाठवलेला, मी न वाचताच पुसलेला. त्यात म्हटलंय: कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या ठोकलेल्या मजल्यावर टाईल्स बसवायच्या तर फळ्या दोन दिवस भिजवा, फुगून फटी बुजतात. वर दोन इंच सिमेंटचा माल टाका, वजनाने मजला हलायचा थांबतो. मालात सुताराचा पांढरा गोंद घाला. टाईल्स भिंतीला भिडवा, फट ठेवू नका.

आक्काचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. खाली पूर्वी माग होता, आता दुकान आहे. म्हणजे उद्या काही खाली आलं तर ते दुसऱ्याच्या डोक्यावर.

आधी ते पाणी. बेळगावात राहणाऱ्याला हे सांगावं लागावं? आषाढात जे दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, त्याच्याच फटीतून शिमग्यात बोट जातं. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं, वाळलं की आकसतं. फुगलेल्या फळीवर माल टाकलात तर तो फुगलेल्या मापावर घट्ट होणार. मग उन्हाळ्यात खालची फळी आकसली की माल सुटतो, टाईल पोकळ वाजते, सांध्यांना तडे जातात. आणि तोवर वरून सिमेंटने झाकलेली ती ओल जाणार कुठे? बुरशीला आणि वाळवीला याहून चांगलं आमंत्रण नाही.

आता 'वजनाने हलायचं थांबतं'. 10 बाय 10 फुटांच्या खोलीत दोन इंच माल म्हणजे साडेनऊशे किलोच्या पुढे. टाईल्स धरून अकराशेवर. सिमेंटची 22 पोती खोलीभर पसरून कायमची ठेवल्यासारखं झालं. कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं वाकतच जातं. लाकडी बांधकामाचं भारतीय मानक आहे, आयएस 883. टाईल्ससारखी ठिसूळ वस्तू पेलणारी तुळई तिच्या दोन आधारांमधल्या अंतराच्या 360व्या भागापेक्षा जास्त वाकता कामा नये, असं त्यात आहे. 12 फुटी कडीला जेमतेम एक सेंटिमीटर. आक्काकडे नातू पळाला की मांडणीवरचे पेले किणकिणतात. तिथे टाईल टिकेल?

गोंदाचं काय सांगायचं! तो पाण्याने मऊ पडतो, आणि आपण मोरीशेजारी बोलतोय. भिंतीलगत पाव इंच फट ठेवायचीच, ती पट्टीखाली झाकते.

एक मात्र कबूल करतो. लाकडावर टाईल्स बसतच नाहीत, असं नाही. मजला कोरडा, सपाट, न हलणारा हवा. त्यावर सिमेंट बोर्ड स्क्रूने पक्का करायचा, बोर्डांचे सांधे एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत, आणि लवचीक टाईल अ‍ॅडेसिव्ह वापरायचं. दोन इंच मालाचं काम तिथे नाही. खर्च जास्त येतो, म्हणूनच हे मेसेजात नसतं. आणि 'फटी बुजवा' यातही तथ्य आहे, पण त्या पाण्याने नव्हे.

काल सकाळी गेलो. मोरीजवळची एक फळी उचलली, कडीचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला. दोन बोटं आत गेला, लोण्यात जावा तसा. आक्का बघतच राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, पाणी नाही मारलं म्हणायचं."

सोमवारी गवंडी नाही, सुतार येतोय.