स्कूटरला मोक्ष हवा, तोही पावतीसकट

आमच्या बोळात १९८१ सालची एक प्रिया स्कूटर उभी आहे. उभी म्हणजे स्टँडवर. तिच्या फूटबोर्डावर मांजरीची बाळंतपणं होतात आणि उन्हाळ्यात सीटवर कुरडयांचं ताट वाळतं. हिचं काहीतरी करू या, असं मी म्हटलं की आबांचं उत्तर ठरलेलं: "साताऱ्याची लेक आहे ती. माहेरातनं हाकलतोस व्हय?"

माहेरचं खरं आहे. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना साताऱ्यात, आणि प्रिया तिथलीच. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचे दिवस होते ते. आबांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्नही ठरलेलं नव्हतं, आणि गाडी दारात आली तेव्हा मी रांगत होतो. बायकोपेक्षा स्कूटर मिळायला अवघड गेली, हे ते आजही आईसमोर सांगतात.

पण सरकारला माहेर-सासर कळत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीला त्याचे ३०० रुपये पडायचे, १ एप्रिल २०२२ ला ते १,००० झाले होते. उशीर झाला तर महिन्याला ३०० वेगळे. आमचा उशीर मी मोजायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. शिवाय जुन्या गाडीचा पर्यावरण कर आहेच, मग ती धूर सोडो वा कुरडया वाळवो.

तेवढ्यात पुण्याच्या आतेभावाने फोनवरून अक्कल पाजळली. "मामाची गाडी व्हिंटेज करा की!" तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची गाडी, तीही मूळ रूपात. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि एवढं करून रोज चालवायची नाही, प्रदर्शन-रॅलीपुरती बाहेर काढायची. आमची गाडी रस्त्यासाठी म्हातारी आणि व्हिंटेजसाठी कोवळी निघाली. आबा म्हणाले, "मग थांबू की २०३१ पर्यंत." त्यांनीच कधीकाळी सीटला वाघाच्या पट्ट्यांचं रेक्झिन चढवलंय. ते मूळ रूपात कसं बसवायचं, हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी मी भंगारवाल्याला बोलावलं. आबांनी खुर्ची बोळात मांडली आणि वधूपित्यासारखे बसले. गड्याने खिशातून दोरीला बांधलेलं चुंबक काढलं आणि गाडीभर फिरवलं. पत्र्याला चिकटलं, मडगार्डला चिकटलं, इंजिनाच्या खोक्यावर मात्र घसरलं. "हे अल्मिन," तो खूश होऊन म्हणाला. मग एका पान्याने त्याने बाजूचं झाकण असं काढलं, जसं काही पोह्यांचा डबा उघडतोय. "आबा, ही गाडी म्हंजी सोनं. दुपारपतुर सगळं सुटं करतो. लोखंड लोखंडात, अल्मिन अल्मिनात, रबर रबरात. आत्ताच्या गाड्या नगं वाटत्यात. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक, कुठली क्लिप कुठं दडलीय ठावं न्हाई. मग घण घालायचा, अन् भाव मातीत."

मला राहवलं नाही. युरोपने हेच तर कायद्यात लिहिलंय. २००० सालच्या त्यांच्या निर्देशानुसार, काही अपवाद सोडले तर मोटारगाडीत शिसं, पारा, कॅडमियम घालायचं नाही. प्लॅस्टिकच्या भागावर ते कसलं आहे याची खूण हवी, गाडी कशी सुटी करायची याची माहिती कंपनीने द्यायची, आणि २०१५ पासून गाडीच्या वजनातलं ९५ टक्के तरी कारणी लागलं पाहिजे. ब्रुसेल्सच्या साहेबांनी जे इतकी वर्षं खपून लिहिलं, ते आमच्या गड्याने पान्याच्या एका फेऱ्यात सांगितलं.

"तेल कुठं टाकतोस रे?" आबांनी विचारलं.

गड्याने गटाराकडे पाहिलं. आमचं गटार ओढ्याला आणि ओढा पुढे नदीला मिळतो. आबा खुर्चीतून उठले. सौदा मोडला.

आता उरला सरकारमान्य रस्ता. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी द्यायची. ते तेल वेगळं काढतात, चोरीची गाडी नाही ना ते बघतात आणि गाडी जमा केल्याचं 'ठेव प्रमाणपत्र' देतात. ते दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या करात केंद्राच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. एप्रिल २०२५ पासून तर जुन्या गाड्यांची जबाबदारी कंपन्यांच्याही गळ्यात पडलीय. वीस वर्षांपूर्वी विकलेल्या खासगी गाड्यांत जितकं पोलाद होतं, त्याच्या किमान ८ टक्के पोलाद भंगारातून परत आल्याची प्रमाणपत्रं त्यांनी आता घ्यायची आहेत. सुरुवात ८ पासून, पुढे आकडा चढता. मला हे पटलं. जो जन्माला घालतो त्यानेच तेरावं घालावं.

अडलं किमतीवर. भंगाराच्या किमतीचा अंदाज म्हणून केंद्राच्या स्क्रॅप धोरणात सांगितलंय, नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के. "नवी प्रिया दाखव," आबा म्हणाले, "मग टक्के काढू."

तरीही करसवलतीच्या लोभाने ते शोरूमला यायला तयार झाले. तिथल्या मुलीने ब्लूटूथ दाखवलं, मोबाइल चार्जर दाखवला, सीटखाली हेल्मेट मावतं ते दाखवलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"खोलायची कशी?"

"सर, सीट बटणानं उघडते."

"सीट नव्हं. गाडी."

"ते सर्व्हिस सेंटरला करतात, सर."

"मेल्यावर कोण करतं?"

"कोण मेल्यावर, सर?"

आबांनी झब्ब्याच्या खिशातून दहा-अकराचा पाना काढला आणि गुडघे टेकून नव्याकोऱ्या गाडीखाली नट शोधू लागले. मुलगी मॅनेजरला बोलवायला धावली. ते आले, वाकले, "काही मदत करू का, काका?" म्हणाले. आबांनी पाना त्यांच्या हातात ठेवला.