बंदुकीवरच्या टॉर्चचा सेल शेतातल्या बॅटरीत: एका संदेशाचा प्रतिवाद

उसाला पाणी द्यायला रात्रपाळीची वीज आली की बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली बॅटरी ही चैनीची वस्तू राहत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या असतो हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही, आणि पाटाची दारे मोडण्याआधी चहूकडे झोत फिरवून घेण्याची सवय तिथल्या शाळकरी मुलांनाही असते. म्हणूनच शेतकऱ्यांच्या आणि रात्रीचे ट्रेक करणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या फिरत असलेल्या एका संदेशाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

संदेशाचा सारांश असा: 'सैन्याच्या बंदुकीवरच्या टॉर्चमध्ये असतो तोच हा रिचार्जेबल सेल. क्षमता ९९०० एमएएच, एकदा चार्ज केला की महिनाभर चिंता नाही. जुन्या सेलच्या जागी सरळ घाला, आकार बसला म्हणजे झाले. संरक्षक सर्किटवाले महाग सेल घेऊ नका, ते मध्येच बंद पडतात. रात्रभर चार्जिंगला लावा आणि सेल कायम पूर्ण भरलेला ठेवा.' एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, हे सेलमध्ये किती वीज मावते याचे माप. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात जातो तो सेल. या लेखातही मी हे शब्द त्याच अर्थाने वापरणार आहे.

पहिले विधान बंदुकीचे आहे. बंदुकीवर बसवायच्या टॉर्चचा बाजार प्रामुख्याने अमेरिकेतला, आणि तिथे वर्षानुवर्षे ज्या सेलचे राज्य होते तो रिचार्जेबल नव्हताच. सीआर१२३ए या नावाचा, १७ मिलिमीटर जाडीचा आणि ३४.५ मिलिमीटर लांबीचा, ३ व्होल्टचा तो लिथियम सेल एकदा वापरून टाकून द्यायचा असतो. रिळाच्या कॅमेऱ्यांच्या जमान्यात तो आपल्याकडच्या फोटोग्राफरांनाही चांगला परिचित होता. शुअरफायर कंपनीच्या एक्स३०० या पिस्तुलावरच्या टॉर्चमध्ये असे दोन सेल लागतात. टाकाऊ सेल निवडण्यामागे कंजूषपणा नाही आणि अज्ञानही नाही. हा सेल दहा वर्षे नुसता पडून राहिला तरी कामाचा राहतो, आणि ज्या कडाक्याच्या थंडीत रिचार्जेबल लिथियम-आयन सेल मलूल होतो तिथेही तो साथ देतो. सहा महिन्यांतून एकदा अर्धा मिनिट लागणाऱ्या, पण त्या अर्ध्या मिनिटात लागलाच पाहिजे अशा दिव्यासाठी सेलची किंमत ही सर्वांत शेवटची बाब ठरते.

पुढे १८६५० हा रिचार्जेबल सेलही रायफलवरच्या टॉर्चमध्ये आला, हे खरे आहे. शुअरफायरच्या 'ड्युअल फ्युएल' प्रकारच्या टॉर्चमध्ये एक १८६५० किंवा दोन सीआर१२३ए यांपैकी काहीही चालते. मात्र ते चालते याचे कारण त्या टॉर्चची नळी आणि आतले सर्किट दोन्ही प्रकारच्या सेलसाठी मुद्दाम आखलेले असते. शिवाय बंदुकीचा धक्का हा वेगळाच विषय आहे: गोळी सुटताना सुमारे ४५ ते ५० ग्रॅमचा तो सेल नळीतल्या नळीत मागे-पुढे आदळतो, स्प्रिंग दबते, क्षणभर जोड सुटतो आणि दिवा मिचकतो, म्हणून तिथे स्प्रिंगच्या ताठपणाचाही विचार करावा लागतो. मोटारसायकलच्या डिकीत खडखडत जाणाऱ्या आपल्या बॅटरीलाही हीच व्यथा सौम्य प्रमाणात असते. थोडक्यात, बाजारातल्या निनावी सेलचे त्या टॉर्चमधल्या सेलशी असलेले नाते एवढेच, की दोघांचा आकार एक आहे.

आता ९९०० या आकड्याकडे येऊ, कारण हा सेल विकला जातो तो या आकड्याच्या जोरावर. १८६५० या नावात क्षमता नाही, मापे आहेत: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार दंडगोल. एवढ्या डबीत नामांकित कंपन्यांना साधारण ३५०० एमएएच बसवता येतात. अलीकडचे काही सेल ४००० च्या आसपास पोहोचले आहेत. हिशेब वहीच्या मागच्या पानावर करण्याइतका सोपा आहे. ३५०० एमएएच आणि ३.६ व्होल्ट यांचा गुणाकार १२.६ वॉट-तास होतो, आणि ४८ ग्रॅम वजनात एवढी ऊर्जा म्हणजे किलोमागे सुमारे २६० वॉट-तास. ९९०० एमएएच खरे मानले, तर हाच आकडा साडेसातशेच्या आसपास जातो. विजेवरच्या मोटारी बनवणारे कारखाने ज्या सुधारणेसाठी अब्जावधी रुपये खर्च करतात, तिच्या जवळपास तिप्पट मजल आठवडी बाजारातल्या दुकानदाराने मारली आहे, असे मानावे लागेल.

असा एक सेल मी स्वतः विकत घेतला होता. आमच्या सोनाराच्या काट्यावर तो ठेवला तेव्हा ३१ ग्रॅम भरला. शेजारी माझ्याकडचा नेहमीचा ३५०० चा सेल ठेवला, तो ४७ ग्रॅम भरला. सोनाराने चष्म्यावरून पाहिले आणि 'घट फार आहे' एवढेच म्हटले. नंतर क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर त्या सेलने पूर्ण भरलेल्या अवस्थेपासून रिकामा होईपर्यंत ८७० एमएएच दिले, म्हणजे वेष्टनावरच्या आकड्याच्या दहा टक्क्यांहूनही कमी.

तथापि वजनाची ही परीक्षा सगळ्याच लबाडीला पुरत नाही. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवे रंगीत वेष्टन चढवून विकले जातात, आणि त्यांचे वजन बरोबर भरते. त्यांच्या दोन्ही टोकांना पट्टी उपटल्याच्या खुणा, म्हणजे स्पॉट वेल्डिंगचे बारीक ठिपके, दिसतात का ते भिंगातून पाहावे. घासून काढलेले टोकही तेच सांगते. भारतात विकायच्या अशा सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे आयएस १६०४६ हे मानक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेलवर किंवा त्याच्या खोक्यावर नसेल तर दुकानदाराला पुढचा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

'महिनाभर' या शब्दाचाही निकाल याच हिशेबात लागतो. खरोखर १५०० ल्युमेन प्रकाश देणारी बॅटरी ढोबळमानाने १५ वॉट खाते, म्हणून अस्सल सेलवरही ती पूर्ण झोतात पाऊण-एक तासच चालणार. दिवसाकाठी दोन मिनिटे लावली तर महिना निघेल. रात्रभर पाणी धरणाऱ्याने जोडीला दुसरा भरलेला सेल डबीत घालून न्यावा.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते: आकार बसला म्हणजे झाले. सेल नळीत बसणे आणि सेल बॅटरीला चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद पाळला नाही तर नुकसान बॅटरीचे होते किंवा हाताचे. दोन सीआर१२३ए एकामागे एक घातले की ६ व्होल्ट होतात, आणि भार पडल्यावर त्याहून कमी. त्याच आकाराचा रिचार्जेबल सेल १६३४० या नावाने मिळतो. तो हुबेहूब तसाच दिसतो, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. असे दोन घातले की ८.४ व्होल्ट झाले. जुन्या तारेच्या बल्बच्या टॉर्चमध्ये हे केले की एक लखलखीत झळाळी येई आणि बल्ब जाई. एलईडीच्या टॉर्चमध्ये आतले सर्किट तेवढ्या दाबासाठी, म्हणजे व्होल्टेजसाठी, बनवलेले नसेल तर ते जळते. उलट दोन सीआर१२३एच्या जागी एकच १८६५० घातला तर दाब ६ व्होल्टवरून ४.२ वर येतो आणि प्रकाश मंद पडू शकतो, आणि मुळात १७ मिलिमीटरसाठी कोरलेल्या नळीत १८ मिलिमीटरचा सेल शिरतच नाही. काही जण कानस मारून नळी मोठी करतात. तो उद्योग करताना सेलचे वेष्टन खरचटले तर डबीची उघडी बाजू नळीला टेकते, आणि लिथियम-आयन सेलची ती सबंध डबी ऋण टोकाला जोडलेली असते, हे त्यांच्या ध्यानात नसते.

क्षमतेच्या बाबतीतही १६३४० हा सरस पर्याय नाही. सीआर१२३एमध्ये साधारण १५०० एमएएच असतात, तर त्याच आकाराच्या चांगल्या रिचार्जेबलमध्ये सातशे-आठशे. व्होल्टचा फरक जमेस धरला तरी ऊर्जा निम्म्यापेक्षा थोडी अधिक, एवढीच. रोज वापरणाऱ्याला तो परवडतो, कारण दर वेळी नवा सेल घ्यावा लागत नाही. कपाटात ठेवून देणाऱ्याला नाही. आणि सीआर१२३ए चार्जरमध्ये कधीही घालू नये, हे वेगळे सांगतो, कारण दोन्ही सेल एकाच खोक्यात पडलेले मी पाहिले आहेत.

संरक्षक सर्किटाबद्दलचा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे असलेले विधान खोडणे नेहमीच कठीण असते. संरक्षित सेलच्या बुडाशी नाण्याएवढी एक चकती असते. दाब साधारण अडीच व्होल्टपर्यंत उतरला, चार्जिंगमध्ये मर्यादेपलीकडे चढला किंवा टोके एकमेकांना भिडली की ती प्रवाह तोडते. त्यामुळे दिवा हळूहळू मंद न होता पटकन विझतो, ही तक्रार रास्त आहे. बंदुकीवरच्या टॉर्चसाठी काही जाणकार बिनसंरक्षणाचा दर्जेदार सेल घेतात तो याच कारणाने. पण त्यांच्या टॉर्चमध्ये दाब उतरल्याची सूचना देणारे सर्किट असते, आणि ते सेल वेळापत्रकाने बदलतात. आपल्या साध्या बॅटरीत बहुधा यातले काहीच नसते. ती सेल शेवटच्या थेंबापर्यंत पिळते, आणि फार खाली गेलेल्या सेलमध्ये आतली तांब्याची पत्री विरघळू लागते. असा सेल पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तेव्हा दाबाची सूचना न देणाऱ्या बॅटरीत, आणि दोन सेल एकामागे एक बसणाऱ्या बॅटरीत तर हमखास, संरक्षित सेलच घालावा. दोन सेलच्या बॅटरीत एक जुना आणि एक नवा, ही जोडी कधीही लावू नये. दमलेला सेल दुसऱ्याच्या रेट्याने उलटा चार्ज होऊ लागतो. संरक्षित सेल साध्या सेलपेक्षा दोन ते पाच मिलिमीटर अधिक लांब असतो, काही बॅटऱ्यांना वर उठलेले टोक लागते तर काहींना सपाट चालते, म्हणून दुकानात जाताना बॅटरी बरोबर न्यावी.

चार्जिंगविषयी थोडक्यात. चांगला चार्जर ४.२ व्होल्टला पोहोचून प्रवाह ओसरला की स्वतः थांबतो, त्यामुळे तो रात्रभर राहिला तरी आकाश कोसळत नाही; थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त चार्जर थांबेल याची मात्र खात्री नसते, आणि सगळे झोपलेले असताना, गादीशेजारी, हा प्रयोग करण्याचे कारण नाही. सेल कायम पूर्ण भरलेला ठेवणे हेही त्याचे आयुष्य घटवणारे आहे, विशेषतः उन्हाळ्यात. चार्जिंगसाठी बहुतेक सेलची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते, आणि मे महिन्यात चंद्रपूरच्या पत्र्याच्या खोलीत ती दुपारीच ओलांडली जाते. रोज लागणारा सेल भरून ठेवावा. महिनोन्महिने पडून राहणारा अर्धा भरून थंड जागी ठेवावा. इलेक्ट्रॉनिक बटणाची बॅटरी बंद असतानाही थेंबथेंब वीज खाते, तिचे मागचे झाकण पाव फेरा सैल केले की बहुतेक प्रकारांत ती गळती थांबते.

घरातल्या ज्येष्ठांच्या हाती द्यायच्या बॅटरीसाठी मी लिथियमचा आग्रहच धरत नाही. पेन्सिल सेलच्या मापाचे, १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल पडून राहिले तरी चार्ज बराच टिकवणाऱ्या प्रकारात मिळतात, चुकीने हाताळले तरी फारसे उग्र होत नाहीत, आणि अंगणापर्यंत प्रकाश पुरतो.

राहता राहिला जुना सेल. १८६५०ची डबी पोलादी असल्यामुळे ती मोबाइलच्या बॅटरीसारखी फुगून इशारा देत नाही. बिघडली की टोकाच्या झडपेतून एकदम वाफ आणि ज्वाळा सोडते. वेष्टन फाटलेला, चार्ज होताना चटका देणारा किंवा एका रात्रीत उतरणारा सेल वापरातून काढावा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि बॅटरी-कचरा घेणाऱ्या संकलन केंद्रात द्यावा. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. उकिरड्यात किंवा बांधाच्या कडेला तर तो मुळीच टाकू नये, कारण ऊस तुटल्यावर त्याच बांधाला पाचट पेटवले जाते.