आप्पांना घर भाड्याने देताना

अभिनंदन! जुळे सोलापुरातल्या तुमच्या वन बीएचकेला शेवटी भाडेकरू मिळाला. आणि कसला मिळाला! सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, रात्री साडेनऊला दिवा बंद, 1 तारखेला भाडं हातात. दलालाला एक रुपया द्यावा लागला नाही, कारण माणूस तुमच्या ओळखीचा निघाला. अगदी तुमच्या बारशापासूनच्या.

आता "बापाकडून भाडं घेतोस बे?" असं विचारणारा एखादा मामा सात रस्ता चौकात गाठेलच. गडबडू नका. भाडं हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. "ईएमआयला हातभार" म्हणायचं. हातभार म्हटलं की घेणाऱ्याचं ओझं दिसतं, देणाऱ्याचा हात दिसत नाही. पुण्यात तुम्ही स्वतः 22 हजार भाडं भरता, वर सोलापूरच्या घराचा हप्ता, वर पोरीची शाळा. आप्पांचे 4 हजार त्यात कुठं वाहून जातात ते तुम्हालाही कळत नाही. आप्पांना कळतं. त्यांची ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन 2,300 रुपये. बाकीच्यासाठी ते नवी पेठेतल्या एका कापड दुकानात संध्याकाळी वह्या लिहितात आणि आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. एकाच भाडेकरूला उत्पन्नाचे तीन मार्ग. असा शोधून सापडत नाही.

डिपॉझिट मात्र मागू नका. ते आधीच जमा आहे. साखर पेठेतलं माळवदाचं घर विकलं तेव्हा आलेले सगळे पैसे आप्पांनी तुमच्या डाऊन पेमेंटला दिले होते. "तुझं ते माझं आणि माझं ते तुझं," असं म्हणाले होते. त्यातला दुसरा अर्धा कागदावर उतरला, पहिला राहून गेला. साठीपुढचा सहकर्जदार घेतला की कर्जाची मुदत कमी होते, असं बँकेच्या माणसाने सांगितलं आणि तुम्हाला ते फार लवकर पटलं. घर तुमच्या एकट्याच्या नावावर.

आता कागदाचं बघू. "बापलेकात कसला करार?" हे वाक्य तुम्हाला सुचलं असेल, तर ते मायेनं सुचलेलं नाही, पैसे वाचवायला सुचलंय. किती पैसे? राहत्या घराच्या लीव्ह अँड लायसन्सला महाराष्ट्रात एकूण भाड्याच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. 4 हजार गुणिले 11 महिने, 44 हजार. त्याचे झाले 110 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर एजंटचा चहा आणि त्याची फी.

एवढ्यासाठी हात आखडलात, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 तुमची वाट बघत बसलेलं आहे. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तसा तो नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी घरात जी पद्धत होती तीच: आप्पा म्हणतील ती पूर्व दिशा. शिवाय घरमालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढं पुन्हा गाठ पडणार आहे.

तेव्हा करार कराच. एजंट घरी येतो, मशीन टेबलावर ठेवतो. आप्पांचा अंगठा उमटायला वेळ लागेल. तीस वर्षं सूतगिरणीत तुटलेला धागा जोडून जोडून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. "काका, जरा दाबून धरा," एजंट म्हणेल. आप्पा धोतराला अंगठा पुसतील, पुन्हा ठेवतील. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागेल आणि तुमचा बाप रीतसर तुमचा भाडेकरू होईल. मग पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची. त्या अर्जात भाडेकरूला ओळखणाऱ्या दोघांची नावं मागतात. तिथं स्वतःचं नाव घालायचा मोह होईल. ओळखता का, एवढं आधी बघा.

करारात छापील अटी असतात. "भिंतीस खिळे ठोकू नयेत" ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची. आप्पांना साखर पेठेतून आणलेला सिद्धरामेश्वरांचा फोटो हॉलमध्ये लावायचा होता. त्यांनी पुण्याला फोन केला, एक खिळा मारू का म्हणून. तुम्ही मीटिंगमध्ये होतात. "आप्पा, टाइल्स नव्या आहेत, तूर्त राहू दे," म्हणालात. तूर्त म्हणजे दोन वर्षं झाली. फोटो फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवलाय. कॉम्प्रेसर सुरू झाला की सिद्धरामेश्वर थरथरतात.

अकरा महिन्यांच्या कराराचा खरा फायदा शेवटी आहे. मुदत संपली की याच भाडे कायद्याच्या कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि भाडेकरू हलला नाही तर त्या दिवसांचे दुप्पट लावता येतात. म्हणजे बाराव्या महिन्यात आप्पा तिथंच दिसले, तर महिन्याला 8 हजार. आईला आणखी एक सूप आणून द्या.

पण मला ठाऊक आहे, तुम्ही करार करणार नाही. दिवाळीत बघू म्हणाल, दिवाळी आली की संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, आल्यावर बघू म्हणाल, आणि गड्ड्याला रजा मिळणार नाही. अकराशे रुपये वाचतील आणि आप्पा तुमच्या नकळत कायद्याने संरक्षित भाडेकरू होऊन बसतील. बाप म्हणून त्यांना जे मिळालं नाही, ते आता मिळायला लागेल. बघा कसं.

घरमालकाला घर बघायचा हक्क आहे, पण सोयीच्या वेळी आणि आधी सूचना देऊन. कलम 28. म्हणजे पाडव्याला स्वतःच्या चावीनं दार उघडून, बूट न काढता आत शिरून, "फॅनवर धूळ किती ही," असं म्हणायची सोय गेली. पाणी किंवा वीज तोडून हुसकावता येत नाही, ते कलम 29. पाण्याची धमकी सोलापुरात तशीही फुसकी. नळाला रोज पाणी येतंय कुठं? ज्या दिवशी येतं, त्या रात्री दोनला नळापाशी स्टूल टाकून बसणारा माणूस बाहेर काढला, तर टाकी कोण भरणार? तुम्ही हिंजवडीतून?

बरं, घर खाली करून मागायचंच, तर कारण लागतं. तुमच्यासाठी त्यातलं एकच जवळचं: मला स्वतःला राहायला खरोखरच हवंय. कोर्टात शपथेवर सांगायचं, की मला पुणं सोडून कायमचं सोलापूरला यायचंय. पहाटेची सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरची पोरं कुठल्या दिशेला नेते, हे न्यायाधीशांनाही माहीत असतं. त्यातूनही कोर्टाला पटलं, तरी घर सोडण्याचा त्रास कुणाला जास्त होईल हे तोललं जातं. एका पारड्यात तुम्ही, दुसऱ्यात विड्याचं सूप.

सोसायटीचा मुद्दा चटकन उरकतो. भाडेकरू ठेवला की सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लागतं, पण घरात आई-वडील राहत असतील तर ते लागत नाही. तेव्हा पोलिस ठाण्यात भाडेकरू आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे "आमचे वडील" म्हणायचं. प्राप्तिकरात पुन्हा भाडेकरू करा, कारण भाड्याच्या उत्पन्नावर देखभालीपोटी 30 टक्के वजावट मिळते, देखभालीला एक रुपया खर्चला नसला तरी. ही तरतूद तुमच्याकडे बघूनच केली असावी.

इथवर सगळं झकास. पण एक दुसरा कायदा आहे, आणि तो आप्पांच्या दुकानात येणाऱ्या वकिलांना पाठ आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा. त्यात चरितार्थ या शब्दात अन्न, कपडे, औषधपाणी आणि निवास हे सगळं धरलंय. निवास! जे तुम्ही 4 हजारांनी विकता, ते कायद्याने तुमच्याकडून येणं आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढं अर्ज करायचा. साधारण 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो. आणि महिना 10 हजारांपर्यंत चरितार्थ ठरवता येतो. म्हणजे 1 तारखेला आप्पा तुम्हाला 4 हजार देणार आणि तुम्ही त्यांना 10 हजार. एवढा तोट्यातला धंदा आपल्याकडच्या यंत्रमागवाल्यांनीही केला नसेल. (ताई, तुम्ही हसू नका. कायद्याला मुलगीही तेवढीच चालते.)

आणि आता तो आकडा. याच कायद्याचं कलम 24: ज्येष्ठ माणसाला सांभाळायची जबाबदारी असताना त्याला कायमचं वाऱ्यावर सोडून दिलं, तर 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओळख पटली? बापाचा भाडेकरार न नोंदवणं आणि बापाला टाकून देणं, दोन्हींचा भाव एकच लावलाय. हिशेबी माणसानं दोन्हींपैकी काय करावं, हे मी सांगायची गरज नाही. मी सल्लागार आहे, वाईट सवयी लावत नाही.

साखर पेठेच्या घराचे पैसे परत मागतील ही धास्ती असेल, तर ती सोडा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळते, ही तरतूद कलम 23 मध्ये आहे. पण अट असायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच सांगून ठेवलंय. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एका आईला मुलाकडून घर परत देववलं, पण त्या माऊलीनं सांभाळण्याचं लेखी वचन घेतलं होतं. आप्पांनी काय घेतलं होतं? पैसे मोजून दिले, पिशवी घडी करून खिशात घातली आणि तुम्हाला रस्ता बघून ओलांडायला सांगितलं.

तर आता निर्धास्त राहा. फक्त कधीतरी सोलापूरहून येणारा कुणीतरी शिवाजीनगरला तुमच्या हातात एक पिशवी देईल. डब्याच्या खाली दुकानाच्या वहीतला, रेघा असलेला एक कागद असेल. अक्षर ओळखीचं.

"चि. घरमालक यास अनेक आशीर्वाद. मोरीतला नळ दोन महिने गळतो आहे. घर दुरुस्त ठेवणे मालकाकडे असते असे समजले. आजपासून 15 दिवसांत न केल्यास मी करून घेईन व खर्च भाड्यातून वळता करीन. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे 12,000 रुपयांपर्यंत वळते करता येतात. नळाला 350 लागतील, घाबरू नये. मागील 26 महिन्यांच्या पावत्या मिळाल्या नाहीत. माझ्या वहीत तारखा आहेत, ताडून पाहावे. घर बघण्यास येणार असल्यास आधी कळवावे, म्हणजे आई गोड काही करील. खिळ्याचे काय ठरले?

ता. क. आईने शेंगा चटणी व कडक भाकरी दिली आहे. ती भाड्यात धरू नये."