बेअरिंग गेलंय

या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात माझ्या नावावर 'पंप तपासणी, ४५० रुपये' अशी एक जास्तीची ओळ आलीये. फक्त माझ्या. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, कमिटीत ठरलंय, आवाज तुमच्याकडूनच येत होता ना, मग खर्च कुणी करायचा? भरणार आहे मी, न भरून सांगतो कुणाला, व्याज लावतात. पण आत अजून खदखदतंय म्हणून हे लिहितोय.

रविवारी सकाळी घरी एकटा होतो. हा योग आमच्याकडे गुरुपुष्यामृतापेक्षा दुर्मिळ. म्हणून जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन रॉक गिटारवाल्याची 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' ही रेकॉर्ड लावली, १९६७ ची. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये की तिची सुरुवात गाण्याने होतच नाही, आधी उडत्या तबकड्यांवरची एक खोटीखोटी रेडिओ मुलाखत आहे आणि मग नुसता गिटारचा फीडबॅक, म्हणजे घूंऽऽऽ घर्रर्र खर्रर्र, डाव्या स्पीकरमधून उजव्यात, उजव्यातून परत डाव्यात, खोलीभर गरगर. आमच्या खिडकीच्या बरोब्बर खाली बी विंगची पाण्याची मोटर. वॉचमनला वाटलं मोटर कोरडी चालतेय, त्याने पळत जाऊन बंद केली. मेकॅनिक आला, मोटर खोलली, तोपर्यंत माझी पहिली बाजू संपलेली, आवाज गायब, मोटर ठणठणीत. मी चहा करून आलो आणि बाजू परत पहिल्यापासून लावली. परत घूंऽऽऽ. मेकॅनिक म्हणे फॉल्ट येतोय-जातोय, असले फॉल्ट फार वाईट, बंदच ठेवा. साडेदहाला अख्ख्या विंगच्या नळाला पाणी नाही, कोण साबण लावून उभा, कोणाचं मशीन अर्ध्यात अडकलेलं, ग्रुपवर धुरळा, आणि मी फोन सायलेंटवर टाकून डोळे मिटून त्याच बाजूवरचं 'लिटल विंग' ऐकतोय.

मग बेल वाजली.

दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात बंडी, खाली लेंगा आणि हातात फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर. काकांचं भोसरीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, आता मुलगा बघतो, पण कान अजून दुकानातच आहे. लिफ्टचा आवाज ऐकून ते सांगतात ग्रीस कधी केलं होतं. "आवाज वरून येतोय," एवढंच म्हणाले आणि चपला काढून आत आले. मी 'बसा' म्हणायच्या आत ते स्पीकरसमोर गुडघ्यावर बसले, स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या लाकडाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मोटरवाले बेअरिंग असंच तपासतात हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त दिसत होतं की एक आजोबा हेंड्रिक्सला स्टेथोस्कोप लावून बसलेत. मी आवाज कमी करायला हात पुढे केला तर खेकसले, "थांब! बंद नको करू. लोडवर ऐकू दे."

मी थांबलो. आपल्याच घरात, आपल्याच रेकॉर्डसमोर, हात मागे बांधून. काकांनी मग दुसऱ्या स्पीकरला पण स्क्रूड्रायव्हर लावला, मान हलवली, आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणाले, "बेअरिंग गेलंय."

"काका, हे गाणं आहे."

"गाणं असेल रे. पण बेअरिंग गेलंय."

हे संभाषण चालू असताना त्यांची नजर टीपॉयवरच्या कव्हरवर गेली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, या रेकॉर्डच्या कव्हरवर विष्णूचं विराट रूप आहे, आपल्याकडे कॅलेंडरवर असायचं तसं, अनेक तोंडं, ढीगभर हात. लंडनच्या लोकांनी तयार चित्र घेतलं आणि मधे हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवले. काकांनी आधी स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घेऊन भक्तिभावाने नमस्कार केला. मग चष्मा वर केला. मग जवळ घेतलं.

"हा मधला कोण?"

"हेंड्रिक्स. हाच वाजवतोय."

"आणि हे दोन गोरे? जय-विजय?"

आता यावर काय बोलायचं! खरं तर स्वतः हेंड्रिक्सलाही ते कव्हर पसंत नव्हतं, त्याच्या घराण्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं रक्त होतं, ते कुठेतरी दिसायला हवं होतं असं त्याचं म्हणणं. पण काकांना हे सांगेपर्यंत ते कव्हर उलटं करून वॉरंटी कार्ड शोधत होते.

माझं दुखणं असं आहे की 'हे गाणं आहे' हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलोय. ज्याला साठच्या दशकातल्या रॉकची, ब्लूजची, त्या सायकेडेलिक प्रकरणाची लागण झालीये त्याला गप्प बसवत नाही हो. आपल्याला जे सापडलं ते दुसऱ्याला ऐकवावंसं वाटतं. आणि दुसरा कधीच तयार नसतो. आमचे साडू येतात, दोन घोट झाले की स्वतःच म्हणतात चल काहीतरी इंग्लिश लाव. मी उठून, रेकॉर्ड पुसून, सुई साफ करून, जपून लावतो, आणि अर्ध्या मिनिटात ते म्हणतात, "ते हॉटेलवालं लाव ना." म्हणजे 'हॉटेल कॅलिफोर्निया'. ते सत्तरच्या दशकातलं आहे भाऊजी. "असू दे रे, लाव." दर वेळी. माझ्याकडे ते नाही हे त्यांना माहितीये, तरी दर वेळी.

बायकोच्या मामांना मी दुसऱ्या बाजूने पटवायला गेलो. म्हटलं मामा, बीटल्सची १९६६ ची 'रिव्हॉल्व्हर' आहे ना, तिच्यावर तबला कोणी वाजवलाय माहितीये? अनिल भागवत! कव्हरवर नाव छापलंय! मला वाटलं आता ऐकतील. मामा पुढे सरकून बसले, डोळे चमकले, आणि म्हणाले, "कुठले भागवत? सातारचे का?" त्यानंतर सातारचे भागवत, वाईचे भागवत, त्यांच्यातली एक मुलगी मामांच्या चुलतभावाला सांगून आली होती ती, पत्रिका का जुळली नाही, असं सगळं झालं. गाणं तीनच मिनिटांचं, त्यातला तबला कधी वाजून गेला कुणाला पत्ता नाही.

त्यातल्या त्यात सासूबाई. त्यांना मी रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट सांगितली, मिसिसिपीचा ब्लूजवाला, १९३६ आणि ३७ मिळून अवघी २९ गाणी रेकॉर्ड केली, १९३८ ला सत्ताविसाव्या वर्षी गेला, आणि साठच्या दशकातले सगळे विलायती गिटारवाले त्याच्या पायाशी बसलेले. आख्यायिका अशी की मध्यरात्री चौरस्त्यावर जाऊन त्याने सैतानाला आत्मा देऊन टाकला आणि बदल्यात गिटार मागून घेतली. सासूबाई पोळी लाटत होत्या, थांबल्यासुद्धा नाहीत. "चौरस्त्यावर ना? उतारा ओलांडला असेल मेल्याने. तरीच लवकर गेला." यावर गोऱ्या लोकांनी जाडजाड पुस्तकं लिहिलीत, आमच्याकडे एका पोळीत निकाल. मी खूश होऊन म्हटलं, ऐकता का मग? तर म्हणाल्या, "नको बाई, तिन्हीसांजेला नको."

असो. काका.

काकांना मी खुर्चीवर बसवलं, चहा दिला (पिण्याच्या पाण्याचा, नळाला नव्हतंच) आणि ठरवलं की आज यांना समजावूनच सोडायचं. म्हटलं काका, तुम्हाला जे बिघडलेलं वाटतंय ते मुद्दाम केलेलं आहे. हा जो फाटका आवाज आहे गिटारचा, त्याच्यावरच हे सगळं संगीत उभं आहे. १९५१ साली मेम्फिसला एक बँड रेकॉर्डिंगला निघाला होता, वाटेत त्यांच्या अँप्लिफायरला मार बसला, आतल्या स्पीकरचा कोन, म्हणजे पडदा, फाटला, वेळ नव्हता म्हणून आत कागद कोंबला आणि तसंच वाजवलं, आणि तो आवाज लोकांना आवडला.

"पेपर कोंबला?" काका.

"हो."

"तात्पुरतं ठीक आहे. पण नंतर बदलला ना?"

म्हटलं पुढे ऐका. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नॅशव्हिलला रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंगच्या टेबलातला ट्रान्सफॉर्मर गेला. ट्रान्सफॉर्मर म्हटल्यावर काकांनी कप खाली ठेवला. त्यातून मधमाश्या घोंगावल्यासारखा आवाज आला, तो त्यांनी रेकॉर्डवर तसाच ठेवला, आणि मग हा बिघाड हवा तेव्हा करता यावा म्हणून त्याची चक्क एक पेटी बनवून १९६२ ला बाजारात आणली. रोलिंग स्टोन्सचं १९६५ चं सगळ्यात गाजलेलं गाणं त्या पेटीवर आहे. आणि १९६४ मध्ये लंडनला किंक्स नावाच्या बँडमधल्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर स्वतःच्या स्पीकरचा कोन दाढीच्या ब्लेडने चिरला. चांगला चालणारा स्पीकर. मुद्दाम.

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे बिघाड होताच."

"होता, पण…"

"मी काय म्हणालो मग?"

"काका, पण तो हवा होता त्यांना!"

"गिऱ्हाईक काय, काहीही म्हणतं. घूं करणारी मोटर घेऊन येतं आणि म्हणतं काका, अशीच चालते ही पहिल्यापासून. आपण सांगायचं, ठेवून जा." मग जरा दया येऊन, "पोरगा किती वर्षांचा होता तो ब्लेडवाला?"

"सतरा."

"मग बरोबर. आमच्या धाकट्याने पण रेडिओ खोलला होता."

मी खरंच चिडलो होतो. कारण मला त्यांना उत्तर देता येत नव्हतं. मी म्हणत होतो तेच ते म्हणत होते, फक्त मला ते भारी वाटत होतं आणि त्यांना दुरुस्तीचं. मग मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं तुम्ही वर आलात तेव्हा जे गाणं चालू होतं ना, त्यात गिटारचा आवाज लेस्ली स्पीकरमधून काढलाय. त्या स्पीकरच्या आत खरोखरची मोटर असते, ती कर्णा गोल फिरवते, त्यामुळे आवाज असा पाण्यावर हलल्यासारखा येतो.

आता बघा हं. या माणसाला हेंड्रिक्स सांगितला, ढिम्म. मेम्फिस, नॅशव्हिल, लंडन, ढिम्म. 'आत मोटर असते' म्हटल्यावर चेहरा असा फुलला की मला माझ्या लग्नात सासऱ्यांचा फुललेला आठवत नाही.

"म्हणजे मोटर आहे!"

"आहे."

"स्पीड?"

"दोन. एक हळू, एक जोरात."

"लाव परत."

लावलं. काकांनी मान तिरकी करून अख्खं 'लिटल विंग' ऐकलं. अडीच मिनिटं हलले नाहीत. माझ्या घरात येऊन कुणी साठच्या दशकातलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत न बोलता ऐकलं ते हे पहिले. संपल्यावर म्हणाले, "मोटर चांगली आहे. वाजवणारा घाई करतोय."

आणि खाली जाऊन त्यांनी कमिटीला सांगितलं की मोटर वरच्या मजल्यावर आहे. त्यावरून हे ४५० रुपये.

माझं म्हणणं एवढंच आहे की गणपतीत आमच्याच गेटसमोर ट्रकवर भिंत रचतात स्पीकरची. खिडक्यांच्या काचा थरथरतात, समोरच्या आजींना बहिणीकडे न्यावं लागतं, पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म एकामागून एक बोंबलतात. तेव्हा कोणी ग्रुपवर 'मोटर चेक करा' टाकत नाही. नवरात्रात नाही, वरातीत नाही, साहेबांच्या वाढदिवसाला नाही. तेव्हा सेक्रेटरी स्वतः वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात. आणि माझ्या एका माणसाच्या दीड मिनिटाच्या फीडबॅकला पंप तपासणी. तिथे कोणाचं बेअरिंग जात नाही का? विचारलं मी हे सेक्रेटरींना, शांतपणे विचारलं, तर म्हणाले, "ते वेगळं, ते सार्वजनिक आहे."

काका मात्र बुधवारी परत आले. मी ऑफिसला. हातात जुन्या धोतरात गुंडाळलेली तबकडी, लाखेची, त्यांच्या वडिलांची, बालगंधर्वांची. म्हणाले घरात मशीन आहे तर लाव की. बायकोने मला फोन केला, मी सांगितलं, काका, माझं टर्नटेबल ३३ आणि ४५ वरच फिरतं, ही ७८ ची आहे, शिवाय सुई पण वेगळी लागते, माझ्याकडे नाहीये. फोनवर थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "७८ नाही? मग एवढा शौक कसला करतोस?" आणि पाठोपाठ, "स्पीड काय, पुली बदलली की झालं. मी देतो करून." मी नको नको म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता. संध्याकाळी घरी आलो तर टर्नटेबलच्या जागी धुळीचा चौकोन. बायको म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, आणि तसंही तूच म्हणतोस ना कोणी इंटरेस्ट घेत नाही.

काल जिन्यात भेटले. म्हणाले, खोललंय, पुली लेथवर होतेय, बेल्ट मात्र तसला इथे मिळत नाही, शिलाई मशीनचा बसवून बघतो.