झेंडावंदन, सहकुटुंब सहपरिवार

पंधरा ऑगस्टची तयारी चौदाच्या रात्री सुरू करावी आणि तीही कपड्यांपासून. झेंड्याची काळजी नको, त्याला शाळेचे शिपाईमामा आहेत. गणवेशाला नीळ देताना ती पाण्यात नीट विरघळू देऊ नका, म्हणजे पाठीवर ठिपके उमटतात आणि आपलं पोर लांबूनही ओळखू येतं. ऑगस्टात कपडे वाळत नाहीत, तेव्हा ओल्यावरच इस्त्री. बूट मात्र पांढरेच हवेत. प्रभातफेरी काळ्या मातीतून जाते आणि चौक येईस्तोवर एकेका तळव्याला पाव किलो चिखल चढतो. 'एक रुपया चांदीचा' म्हणताना पोरं पाय आपटतात ते जोशानंच, असं समजावं.

मुख्य शासकीय ध्वजारोहण ९ वाजून ५ मिनिटांनी. ८:३५ ते ९:३५ दरम्यान इतर कुणी कार्यक्रम ठेवू नये, असं परिपत्रक निघतं. त्यामुळे शाळा, सोसायटी, पतसंस्था, नगरपंचायत अशा सगळ्यांनाच साडेआठच्या आत उरकायचं असतं, आणि प्रमुख पाहुणा गावात एकच. पोराला उपाशीच पाठवा. पाहुणे उतरेपर्यंत सावधान-विश्राम करून एखादं चक्कर येऊन पडलं, की बाईंनाही सावलीत जायचं निमित्त मिळतं.

आता गाठ. इथं खरं कसब आहे, म्हणून ते कुणी शिकू नये. झेंड्याची आडवी घडी घालायची, सुक्या सुट्या पाकळ्या मूठभर ठेवायच्या, गुंडाळी करून दोरीचे दोन वेढे द्यायचे आणि शेवटी दोरीचं टोक न ओवता दोरी दुमडून तिचा फास ओवायचा. मग खालून एका झटक्यात सुटते. आपण काय करावं? टोकच ओवावं आणि वर 'पक्की बसू द्या सर' म्हणून आवळावी. पाकळ्यांऐवजी झेंडूची अख्खी फुलं ओंजळभर कोंबावीत. रात्री भुरभुर झाली असेल तर दुधात साखर, सुती दोरी फुगून गाठ दगड होते. मग मुख्याध्यापक ओढतात, पाहुणे ओढतात, खांब हलतो आणि कुणीतरी घाईनं राष्ट्रगीत सुरू करतं. ते साधारण ५२ सेकंदांत संपतं, गाठ तशीच राहते. शेवटी शिपाईमामा शिडी आणतात. केशरी पट्टा वर आहे ना, हे तेव्हाच कळतं.

खरं तर पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा असतो. वर बांधून ठेवलेला उलगडायची रीत सव्वीस जानेवारीची. पण चढवताना पाकळ्या पडत नाहीत, आणि पाकळ्याच नाहीत तर स्टेटसला काय ठेवणार! (पप्पांनी फोटो काढताना नेमकं खांबासमोर उभं राहावं. 'पप्पा, सरका की, झेंडा दिसना गेलाय,' असं ऐकू आलं तरी हलू नये.)

घरच्या झेंड्याला एवढा व्याप नाही. ध्वजसंहिता २००२ ची. तिच्यात २०२१ च्या शेवटी पॉलिस्टर आणि मशीनवरचं कापड चालू लागलं, २०२२ मध्ये घरावर रात्रीही झेंडा ठेवायची मुभा मिळाली. तेव्हा बाजारातून जो मिळेल तो आणावा. लांबी-रुंदीचं ३:२ प्रमाण किंवा चक्राचे २४ आरे बघत बसू नये. खादीचा झेंडा नांदेडला तयार होतो, पण जवळ मिळणाऱ्या वस्तूला किंमत कसली? डिशच्या पाइपाला सुतळीनं बांधून टाका आणि विसरा. पोळा होतो, महालक्ष्म्या उठतात, तोवर हिरव्या पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या असतात. फाटका झेंडा लावू नये, तो एकांतात सन्मानानं, शक्यतो जाळून, नष्ट करावा असं संहिता सांगते. पण त्यासाठी गच्चीवर चढावं लागतं.

जिलेबी आणायला उशिरा जाऊ नका. पीठ रात्रभर आंबलेलं हवं, पाक एकतारी आणि कोमट. दहा वाजेपर्यंत आंबलेलं पीठ संपतं आणि ताज्या मैद्यात सोडा मारून काम चालतं. गार पाक जिलेबीत शिरत नाही, वरच बसतो. वर्तमानपत्रात बांधून घेतलीत तर पहिल्या पानाची बातमी जिलेबीवर उलटी वाचता येते.

राहिला १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्या गावावर निजामाचाच अंमल होता आणि तिरंगा लावणाऱ्याला तुरुंग. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आत शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. म्हणजे तेरा महिने दोन दिवस उशीर. हा हिशोब घरात फुटू देऊ नये, पोरं 'मग पंधराला जिलेबी कशाची?' म्हणून विचारतात. घरात पंच्याऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्या दिवशी जास्तच जपा. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या, आले म्हणून रातोरात गाडी जुंपून वऱ्हाडात किंवा सोलापूरकडं गेलेलं बिऱ्हाड, परसात पुरलेला दागिन्यांचा हंडा, स्वातंत्र्यसैनिकांनी लुटलेली उमरीची बँक, लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ... दोन तास मोडतात. उपाय सोपा आहे. टीव्ही लावा, संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातलं ध्वजारोहण सुरू असेल, आवाज वाढवा. आबा 'आमच्या येळंला...' म्हणाले, की 'हो आबा, तेच दाखवायलेत' म्हणायचं. शाळेत पोराचं मुक्तिसंग्रामावर भाषण असेल तर मोबाइलवरून उतरवून द्या. आबांना विचारायला जाल तर दोन पानांत बसत नाही, आणि सरांनी वेळ तीन मिनिटंच दिलेली असते.