स्कॉटलंडचा गावपाळक रिकामटेकडा नव्हता

सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो आठवडाभरात तिघांकडून आला. आशय असा: दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या खेड्यातल्या प्रेस्बिटेरियन पाळकाला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती धर्मगुरूला, रविवारी एक प्रवचन करावं लागे, उरलेले सहा दिवस मोकळे. फुकट घर, फुकट जमीन, जन्मभराचा पगार, बायकामुलं सुखात. त्या मोकळ्या वेळातूनच रॉबर्ट स्टर्लिंगचं गरम हवेवर चालणारं इंजिन, पॅट्रिक बेलचं कापणीयंत्र आणि हेन्री डंकनची बचत बँक निघाली. तेव्हा हुशार माणसाला निवांत बसवा, तो शोध लावील.

माझे आजोबा खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जळणारा त्यांचा कंदील मी पाहिला आहे. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवेना. त्यातला एकेक दावा घेतो.

आधी ‘रविवारचं एक प्रवचन’. स्कॉटलंडच्या खेड्यात रविवारी बहुधा दोनदा बोलावं लागे, एकदा शास्त्रभागाचं विवरण आणि एकदा प्रवचन. तेही कागद न बघता, कारण वाचून दाखवणारा पाळक खेड्यातल्या लोकांना खपत नसे. म्हणजे लिहायचं आणि पाठही करायचं. प्रभूभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा, सोहळा तर गुरुवारच्या उपासापासून सोमवारच्या उपकारस्तुतीपर्यंत चाले. शिवाय परगण्यातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, प्रत्येक घरी जायचं, लहानथोरांना धर्माची प्रश्नोत्तरी विचारायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप नसतो, पाळक आणि वडीलजन मिळून कारभार बघतात. या वडीलजनांच्या सभेचा अध्यक्ष पाळकच. दानपेटीतला पैसा कुठल्या गरिबाला किती द्यायचा, कोणाचं भांडण कसं मिटवायचं, हे सगळं तिथेच ठरे. गावच्या शाळेवर लक्ष ठेवणंही त्याच्याकडेच.

१७९०च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर यांना साऱ्या स्कॉटलंडची माहिती गोळा करायची होती. त्यांनी १६० प्रश्नांची यादी पाठवली ती गावोगावच्या पाळकांना. लोकसंख्या, पिकं, मजुरी, रोगराई, सगळं त्यात होतं. ९३८ परगण्यांच्या त्या नोंदींचे २१ खंड झाले. घरोघर फिरणारा माणूसच अशी उत्तरं देऊ शकतो.

मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधल्या रेक्टरचं, म्हणजे तिथल्या गावच्या धर्मगुरूचं, चित्र उचलून स्कॉटलंडवर चिकटवलं आहे. तिथला रेक्टर दोन-तीन ठिकाणांचं उत्पन्न घेऊन थोड्या पगारावर एखादा मदतनीस नेमू शके आणि स्वतः दूर राहू शके. स्कॉटलंडमध्ये एक पाळक, एक परगणा, आणि मुक्काम तिथेच, हा नियम होता.

दुसरा दावा, फुकट घर आणि जन्मभराचा पगार. यात थोडं खरं आहे. घर, थोडी शेतजमीन आणि वेतन यांचा भार गावच्या जमीनदारांवर असे, आणि एकदा नेमलेल्या पाळकाला सहज काढता येत नसे. शेतमजुराच्या तुलनेत तो नक्कीच बरा होता. पण वेतन बहुतेक ठिकाणी धान्याच्या भावाशी बांधलेलं असे, भाव पडला की उत्पन्नही पडे. अनेक गावांत ते इतकं तुटपुंजं होतं की १८१० मध्ये संसदेला कायदा करून वर्षाला किमान १५० पौंडांची हमी द्यावी लागली आणि कमी पडणारी रक्कम सरकारी तिजोरीतून भरावी लागली. शिवाय ते घर पाळकपदाचं होतं. पाळक वारला की पुढच्या पाळकासाठी ते मोकळं करायचं, मग विधवेच्या पदरी पाच पोरं का असेनात.

या प्रश्नावरचा उपाय म्हणजे १७४४ चा पाळकांच्या विधवांचा निधी. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या एडिंबरोच्या दोन पाळकांनी तो आखला आणि गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांनी आकडेमोड तपासली. त्यांचा हिशेब असा: एका वेळी सरासरी ९३० पाळक हयात असतील. वर्षाला २७ मरतील, त्यांपैकी १८ जण विधवा मागे ठेवतील, आणखी पाच जणांच्या मागे फक्त पोरकी मुलं उरतील. पाळकाने वर्षाला २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स भरले, तर त्याच्या विधवेला वर्षाला १० पौंड. जास्तीत जास्त ६ पौंड ११ शिलिंग ३ पेन्स भरता येत, त्यावर २५ पौंड. निधी १७६५ मध्ये किती असेल याचा त्यांचा अंदाज होता ५८,३४८ पौंड. प्रत्यक्षात एकच पौंड कमी भरला. आयुर्विम्याच्या इतिहासात हा हिशेब कौतुकाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातला १८ हा आकडा पुन्हा पुन्हा आठवतो. दर वर्षी अठरा घरं बदलायची, अठरा बायकांनी सामान बांधायचं. कुटुंबं सुखात असती, तर हा हिशेब करायची वेळच आली नसती.

आणि ‘बायकामुलं सुखात’? थॉमस बॉस्टनचं घर बघा. १७०७ पासून १७३२ पर्यंत तो एट्रिक या डोंगराळ परगण्यात पाळक होता. मेंढपाळांची वस्ती, घरं एकमेकांपासून लांब. त्याला आणि कॅथरीनला दहा मुलं झाली, त्यांतली सहा गेली. एका मुलाचं नाव एबेनेझर ठेवलं, तो गेला. पुढच्या मुलालाही तेच नाव दिलं, तोही गेला. कॅथरीनला गंभीर मानसिक आजार जडला आणि पुढची अनेक वर्षं ती बहुतांश खोलीतच राहिली. बॉस्टनने स्वतःच्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलंय, बायकोबद्दल एकही कडवट शब्द न काढता. शेवटी तो स्वतःही इतका थकला की चर्चपर्यंत जाणं होईना. तेव्हा लोक घरासमोर जमले आणि त्याने खिडकीतून प्रवचन केलं. मे १७३२ मध्ये तो वारला. मुलं त्या काळी सगळ्याच घरांत दगावत, हे मान्य. पण पाळकाच्या घराला दुःखातून सूट नव्हती, आणि दुसऱ्याचं मूल गेलं की त्या घरी धीर द्यायलाही त्यालाच जावं लागे.

आता शोधांकडे येऊ, कारण मजकुराचा सगळा डोलारा त्यांवर उभा आहे.

पॅट्रिक बेलचं उदाहरण तर पहिल्याच तपासणीत बाद होतं. कापणीयंत्र बनवलं तेव्हा तो पाळक नव्हताच, धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता. बाप शेतकरी, त्यामुळे विळ्याने कापणी करताना माणसांचे काय हाल होतात हे त्याने घरीच पाहिलं होतं. त्याने खोपटात माती पसरली, तीत ओटची ताटं एकेक करून रोवली आणि यंत्र आधी त्यांच्यावर चालवून बघितलं. मग १८२८ च्या सुगीत, कोणी बघू नये म्हणून रात्री, भावाला घेऊन यंत्र शेतात नेलं. घोडा यंत्र ओढत नव्हता, मागून ढकलत होता. सर्वांना वापरता यावं म्हणून त्याने पेटंटही घेतलं नाही. कार्मायली गावचा पाळक तो झाला १८४३ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी.

स्टर्लिंगचंही तसंच. त्याने इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १८१६ च्या सप्टेंबरात, आणि किल्मारनॉकला पाळकपदाची दीक्षा घेतली तीही त्याच महिन्यात. निवांतपणा उपभोगायला मध्ये दिवस तरी किती होते? त्याच्या आजोबांनी मळणीयंत्र बनवलं होतं, भाऊ जेम्स इंजिनिअर होता. अवजारांची ही समज घरातूनच आली. १८२४ पासून तो गॅल्स्टन या विणकरांच्या आणि कोळसा खाणींच्या गावी आयुष्यभर पाळक राहिला. फावल्या वेळात तो कार्यशाळेत काम करी हे खरं, पण ते दिवसभराचं काम आटोपल्यावर. पॅट्रिक आणि जेम्स ही त्याची मुलं रेल्वे इंजिनांचे नामांकित रचनाकार झाली, आणि डेव्हिड बापासारखा पाळक झाला.

डंकनची बँक तर पाळकाच्या कामातूनच जन्मली. तो आधी लिव्हरपूलच्या बँकेत तीन वर्षं नोकरीला होता. १७९९ मध्ये सॉल्वे किनाऱ्याजवळच्या रुथवेलला पाळक झाला. गरिबांना दानपेटीतून पैसे वाटायचे कोणी? त्यानेच. हात पसरण्याची वेळ येण्याआधी मजुराकडे स्वतःचे चार पैसे असावेत, हा विचार तिथे आला. मोठ्या बँकांत खातं उघडायला १० पौंड लागत. डंकनने १८१० मध्ये सहा पेन्सवर खातं उघडून दिलं. पैसे ठेवायची पेटी तीन कुलपांची होती, म्हणजे एकट्याला उघडता येऊ नये.

राहिला ‘जन्मभराच्या’ घराचा मुद्दा. पाळक कोण असावा हे गावच्या जमीनदाराने ठरवायचं की मंडळीने, यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत चर्च फुटलं आणि सुमारे १,२०० पाळकांपैकी साडेचारशेहून अधिक जणांनी घर, जमीन, वेतन सगळं सोडलं. काही जमीनदारांनी नव्या मंडळीला चर्चसाठी जागाही दिली नाही. लॉक सूनार्ट या खाडीच्या काठावरच्या लोकांनी तर पाण्यावर तरंगतं चर्च बांधून घेतलं. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीही या फुटून निघालेल्या मंडळीची, म्हणजे फ्री चर्चची, बाजू घेतली आणि आपल्या शाळेची इमारत सोडली. त्या संस्थेचं आजचं रूप म्हणजे विल्सन कॉलेज.

रुथवेलच्या डंकननेही घर सोडलं. तेव्हा तो ६८ वर्षांचा होता, त्या गावात ४४ वर्षं काढलेला. फोडून टाकलेल्या एका प्राचीन क्रुसाचे तुकडे जुळवून त्याने तो घराच्या बागेत उभा केला होता. बाग आणि क्रूस मागे ठेवून तो बाहेर पडला. १८४६ मध्ये तो वारला, तेव्हा त्या घरात दुसरा पाळक राहत होता.